चंदरनं यंदा कुठं यावं

पाटीलपाडा, तानसा
२० नोव्हेंबर १९९६

चि. चंदर यास शकूताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. रजा अखेर मंजूर झाली आणि तुम्ही तिघं नाताळात येताय हे वाचून आधी देवापुढं साखर ठेवली. पुढं वाचलं तर भिलाईहून जाण्यायेण्याचे दिवस वजा जाता हातात चारच दिवस. आणि त्यात तू मलाच विचारतोस, की ताई, तुझ्याकडे येऊ का राहीकडे मुरबाडला जाऊ, तानसा बघू का नाणेघाट. दोन्हीकडे हिंडलो तर रजा एसटीतच संपेल असं सुषमाचं म्हणणं आहे, ते अगदी बरोबर. आपल्याकडची एसटी कधी येईल ते एसटीलाही ठाऊक नसतं.

दुसरं कुठलं वर्ष असतं तर मी राहीशी भांडून तुला ओढून आणलं असतं. गेल्या खेपेला तू तिच्याकडेच राहिलास, त्याचा राग मी अजून जपून ठेवलाय. तलावाला यंदा काठोकाठ पाणी आहे, माहुलीचे सुळके अंगणातून दिसतात, गवत पिवळं पडायला लागलंय. अक्षदाला होडी दाखवायची, पाणपक्षी दाखवायचे, हे सगळं मी मनात ठरवून ठेवलं होतं. पण चंदर, यंदा इकडे येऊ नकोस. राहीकडे जा.

आमच्याकडे दिवाळीपासून एक जनावर लागलंय. कुठलं ते लिहीत नाही. दिवेलागणीला त्याचं नाव घेऊ नये असं आई सांगायची आणि आता दिवेलागणच झाली आहे. आधी पाड्यातली कुत्री गेली. मग सावळीबाईच्या शेळ्या गेल्या. तोवर आम्ही दारं लावून घेत होतो आणि बोलत होतो, एवढंच. वाडीतला जगन तुला आठवेल, आपल्या शेतावर लावणीला येतो तो. त्याची भिमी अक्षदाएवढीच होती. अंगणात भांडी घासत बसली होती. आई तवा आणायला आत गेली आणि बाहेर आली तर नुसती भांडी पडलेली. दुसऱ्या दिवशी गवतात जे सापडलं ते मी पत्रात लिहिणार नाही.

त्या दिवसापासून मी अंगणात भांडी घासत नाही. मोरीत घासते. विहिरीवर आम्ही बायका घोळक्यानं जातो आणि मोठमोठ्यानं बोलतो, बोलण्यासारखं काही नसलं तरी. आमचा ओमकार शहापूरला होस्टेलवर आहे हे बरं. ह्यांना टेम्पोवर गवताच्या गासड्या घेऊन अवेळी यावं लागतं, तोवर माझा जीव थाऱ्यावर नसतो. तू मला लहानपणापासून भित्री म्हणतोस. म्हण, पण पोरीला घेऊन इकडे येऊ नकोस.

सुषमाला आशीर्वाद, अक्षदाला गोड पापा. बहिणीवर माया आहेच, ती दुरूनच राहू दे यंदा.

तुझी,
शकूताई

भिलाई
२ डिसेंबर १९९६

ती. सौ. शकूताईस चंदरचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. जगनच्या मुलीचं वाचून फार वाईट वाटलं. हा भाग सुषमाला वाचून दाखवला नाही, नाहीतर मला मिळालेली रजा घरातूनच नामंजूर झाली असती.

पण ताई, खरं सांगू का, मला थोडा संशयही आला. दरवर्षी तुम्ही दोघी मला दोन्ही हातांनी ओढता, आणि यंदा तू आपणहून राहीकडे ढकलतेस. घराच्या रंगाचं काम काढलंयस की काय? का मागे एकदा मी तुझ्या लोणच्याची बरणी संपवली त्याचा हा सूड? चेष्टा सोड, पण जनावर माणसांच्या घोळक्याला भितं. आम्ही दिवसाउजेडी फिरणार, चौघं-पाच जणं असणार. अक्षदाच्या डोक्यात तलावच बसलाय. तिनं शाळेत होडीचं चित्रसुद्धा काढलंय, आणि होडीत तुला बसवलंय. तू बरीच जाड आली आहेस.

वर्षभर भट्टीच्या धगीत काढलं की डोळ्यांना हिरवं काहीतरी हवं असतं गं. ते तानसाचं असो का नाणेघाटाचं. चार दिवसांत एकच नीट बघावं, धावाधाव करू नये, एवढंच माझं म्हणणं. तेव्हा असं करा, तुम्ही दोघी काय ते ठरवा. मी तिकिटं कल्याणची काढली आहेत. कल्याणला उतरून कुठल्या एसटीत बसायचं तेवढं कळवा.

एक गोष्ट मात्र नक्की. परतताना आमची गाडी खर्डीवरून जाईल. थांबणार नाही, पण २९ तारखेला तू फलाटावर उभी राहा. अक्षदा खिडकीतून लाल ओढणी हलवील. तेवढीच भेट.

भाऊजींना नमस्कार. राग धरू नये, धरलाच तर भेटीत सोडावा.

तुझा,
चंदर

पाटीलपाडा, तानसा
७ डिसेंबर १९९६

चि. सौ. राहीस शकूताईचे अ. उ. आशीर्वाद.

चंदरचं पत्र तुलाही आलं असेल. तो आपल्या दोघींवर सोपवून मोकळा झालाय, लहानपणी दोन लाडवांतला एक निवडायला सांगितला की दोन्ही तोंडात घालायचा तसाच आहे अजून. आता तू त्याला एक कडक पत्र टाक. लिही, की यंदा तू आला नाहीस तर मी जन्मभर बोलणार नाही. रड हवं तर थोडी पत्रात. तुला ते जमतं. मी सांगितलं म्हणून लिहितेस असं मात्र त्याला कळू देऊ नकोस.

मी त्याला सगळं लिहिलं, पण तो हसतो. त्याला गवताचा आवाज ऐकू येत नाही ना. इथे वारा आला तरी आम्ही सगळ्या हातातलं काम थांबवतो. परवा कमळाबाईनं परसात काहीतरी बघितलं आणि तिची वाचाच बसली, अजून नीट बोलत नाही. जगनची बायको अंगण झाडत नाही. म्हणते, अंगण नकोच मला. मी भाकरी घेऊन गेले होते तर तिनं माझा हात धरून ठेवला, सोडेचना.

अक्षदाचं तोंड सारखं डोळ्यांपुढे येतं. तिला इथल्या अंगणात खेळताना नुसतं मनात आणलं तरी मी उठून दाराची कडी बघून येते. तुझ्याकडे तसलं काही नाही, तू मोकळी आहेस. त्यांना तिथंच ठेवून घे चारही दिवस. काय दाखवायचं ते दाखव, पण इकडे पाठवू नकोस.

भिमाभाऊंना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. तुझ्यावर भार टाकतेय, सांभाळून घे.

तुझी,
शकूताई

उंबरपाडा, वैशाखरेजवळ, ता. मुरबाड
१२ डिसेंबर १९९६

ती. सौ. ताईस राहीचा सा. न. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे दादाला रडकं पत्र टाकलं. इतकं छान रडले की लिहितालिहिता खरंच पाणी आलं. कालच त्याचं कार्ड आलं, इकडेच येतोय. म्हणतो, दोघी बहिणींचं एकमत झालं हे बघूनच मी घाबरलो. तेव्हा तू आता स्वस्थ बस.

ताई, तिकडचं वाचून झोप लागली नाही गं. भिमीला मी पाहिलं होतं, तुझ्याकडे हळदीकुंकवाला आली तेव्हा तिनं वाणातली हळकुंडं फ्रॉकमध्ये भरून घेतली होती. तूच इकडे का येऊन राहत नाहीस थोडे दिवस?

आमच्याकडे जनावर नाही असं नाही. ओढ्याच्या वाळूत पाऊल दिसतं अधूनमधून. पण ते आपल्या वाटेनं जातं, आम्ही आमच्या. शाळेच्या वाटेवर वाघदेवाचा माळ आहे ना, तिथे दिवाळीतल्या वाघबारशीला गुराखी खीर शिजवतात, नारळ देतात. मान घेतला की देव आपल्या शिवेतल्या जनावराचं तोंड बांधून ठेवतो, मग ते माणसाला शिवत नाही, असं भगत सांगतो. माझी सासू या गावात म्हातारी झाली, तिनं कधी वावगं ऐकलं नाही. गेल्या साली तुझ्याकडून भाऊजी बारशीला आले होते तेव्हा केवढे भारावले होते. खिरीचं पान घेऊन बराच वेळ त्या शेंदऱ्या दगडापुढे हात जोडून बसलेले. आमची वैष्णवी तर रोज त्या माळावरून एकटी शाळेत जाते, येताना बोरं वेचत बसते आणि माझा मार खाते.

दादाला तिथेच जेवायला नेणार आहे. समोर घाटाचा कडा उभा, खाली ओढा, माळावर सावली. भिलाईच्या धुरातून आलेल्या माणसाला आणखी काय हवं? तिथेच चूल मांडू. एक दिवस घाट चढून जाऊ. तू काळजी करू नकोस, भाचीला फुलासारखी ठेवीन.

भाऊजींना नमस्कार, ओमकारला आशीर्वाद. तुझी माया आहे म्हणून तर मी हट्टी झाले, ती तशीच ठेव.

तुझी,
राही

पाटीलपाडा, तानसा
१८ डिसेंबर १९९६

चि. सौ. राहीस अ. उ. आशीर्वाद.

जनावर गेलं गं राही. हे वाक्य लिहायला मला किती बरं वाटतंय ते तुला कळायचं नाही.

तलावापलीकडे ते बंगल्यांचे प्लॉट पाडणारे शेठ आहेत, त्यांनीच केलं. मुंबईची माणसं नाताळात प्लॉट बघायला यायची होती, आणि इकडे ही बातमी पसरलेली. त्यांनी कुठूनशी माणसं आणली, पिंजरा आणला, आत बोकड बांधला. सोमवारी सापडलं. कुणाला सांगायचं नाही, कागदपत्र नको, बोभाटा नको, असं शेठचं म्हणणं. ताडपत्री टाकून पिंजरा आपल्याच टेम्पोत चढवला आणि ह्यांना सांगितलं की लांब कुठेही नेऊन सोड, परत इकडे आलं नाही पाहिजे, आणि कुठे सोडलं ते आम्हालाही सांगू नकोस. शेठची दोन माणसं बरोबर होती. ती आता आपापल्या मुलखात निघून गेली.

वाडीत लोकांनी नारळ फोडले. जगन आला नाही. आज मी खूप दिवसांनी अंगणात बसून तांदूळ निवडले. मधेच मागे वळून बघितलं एकदोनदा, सवय जाईल हळूहळू.

ह्यांचं मात्र काही कळत नाही. आल्याबरोबर अंगावरच्या कपड्यांसकट विहिरीवर अंघोळ केली. जेवण जात नाही. कुठे सोडलंत विचारलं तर म्हणाले, चांगल्या जागी. आणखी विचारलं तर उठून गेले. भीती बसली असेल, एवढं जवळून बघितलं म्हणजे. अंगारा आणून लावलाय.

आता वाटतं, चंदरला उगाच तिकडे वळवला. पण त्याचं ठरलंय, दोनदा फिरवायला नको. तुझ्याकडे आधीपासून निवांत आहे, तिथेच मजा करा. मी २९ ला खर्डीला जाऊन ओढणी बघीन, माझी तेवढीच सुट्टी. सगळ्यांना माझा आशीर्वाद पोचव, आणि मला विसरू नका.

तुझी,
शकूताई

उंबरपाडा
२६ डिसेंबर १९९६

ती. सौ. ताईस चंदरचा सा. न.

कार्ड लहान, आनंद मोठा. तू इकडे ढकललंस ते शंभर टक्के बरं केलंस. काल दिवसभर वाघदेवाच्या माळावर होतो. राहीनं पिठलं-भाकरी केली, मी लाकडं फोडली, सुषमा झाडाखाली घोरली. असा सुखाचा दिवस मला वर्षात मिळाला नव्हता. राहीचा मोत्या कुत्रा तेवढा नाठाळ, माळाच्या अलीकडेच बसून राहिला, ओढला तरी येईना. जेवणं झाल्यावर अक्षदा माझ्याजवळून हलेना. म्हणे, बाबा, तिकडून कुणीतरी बघतंय. मी म्हटलं, देव बघतोय. शहरातली पोर, झाडाच्या सावलीलाही घाबरते. उद्या पुन्हा तिथेच जातोय, तिची भीती घालवायला. परवा उजाडताच घाट. ओढणी लक्षात आहे. लोभाची कमी नाही, कार्डाला जागेची आहे.

चंदर

पाटीलपाडा, तानसा
३१ डिसेंबर १९९६

राही,

मायना लिहीत बसत नाही. चंदर कुठे आहे? तो २८ ला तुझ्याकडून निघाला का? अक्षदा बरोबर होती का? आधी एवढंच कळव.

परवा मी खर्डीला फलाटावर उभी होते. त्यांची गाडी गेली. मी सगळ्या डब्यांना हात केला. लाल काही दिसलं नाही. मी म्हटलं, झोपली असेल, किंवा पलीकडच्या खिडकीत असेल. हसत घरी आले मी, राही. आणि आज चंदरचं कार्ड आलं.

हे जेवायला बसले होते. त्यांचं मन रमावं म्हणून मी कार्ड मोठ्यानं वाचलं. वाघदेवाचा माळ म्हटल्याबरोबर त्यांनी घास खाली ठेवला. मोत्या येईना म्हटलं तसं त्यांनी ताट बाजूला सारलं. मग एकदम रडायलाच लागले. मी लग्न झाल्यापासून त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मला म्हणाले, "देवाच्या पायाशी सोडलाय गो त्याला. आनखी कुठं सोडनार व्हतो मी? तिथं देव त्याचं तोंड बांधील, कोनाला शिवनार नाय, असं वाटलं मना."

तुमच्या माळावर सोडलंय ते जनावर. ज्यानं भिमीला नेलं तेच. शेठनं लांब सोडायला सांगितलं, आणि ह्यांना बारशीचा तो दगड आठवला. वाटेत पिंजऱ्यातून ते सारखं ओरडत होतं, तेव्हा ह्यांनी मनात देवाशी बोलणं केलं, की तुझं वाहन तुझ्या दारात आणून घालतो, तू सांभाळ. पाप लागू नये म्हणून केलं. टपावर बसून दोरानं दार ओढलं आणि ते दगडाला वळसा घालून झुडपात गेलं, म्हणतात. त्यांना वाटलं देवानं पदरात घेतलं. घरी आल्यावर शंका खायला लागली, पण बोलायची हिंमत झाली नाही, शेठनं धमकी दिली होती. चंदर नाणेघाटाला जाणार एवढंच त्यांना ठाऊक होतं. तुम्ही माळावर चूल मांडाल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मी पोरीला इथून वाचवायला म्हणून तिकडे पाठवलं. माझ्या हातानं पाठवलं. ती म्हणत होती कुणीतरी बघतंय, आणि हा मूर्ख तिला पुन्हा तिथे घेऊन गेला. गेला ना? मग पुढे काय झालं? घाटात गेले का? चंदर सुखरूप आहे ना? अक्षदाला काही झालं असेल तर मी सुषमाला तोंड कसं दाखवू? भिलाईलाही पत्र टाकलंय, पण ते कधी पोचणार. शहापूरहून त्याच्या कारखान्यात फोन लावला, कुणी उचलत नाही.

हे पत्र मुरबाडच्या एसटीच्या कंडक्टरपाशी देतेय, तो वैशाखऱ्याला टाकील म्हणाला. उलट टपाली चंदरचं कळव. अक्षदाचं कळव.

शकू

उंबरपाडा
३ जानेवारी १९९७

ती. सौ. ताईस राहीचा नमस्कार.

दादा सुखरूप आहे. २८ ला मी स्वतः त्यांना कल्याणच्या एसटीत बसवलं, अक्षदाचा हात माझ्या हातात होता. ओढणी इथेच राहिली, दोरीवर वाळत होती, म्हणून तुला लाल दिसलं नाही. २७ ला ते पुन्हा माळावर गेले होते, पण अक्षदानं इतकं रडून आकांत केला की न जेवता परत आले. दादा चिडला तिच्यावर. घाट चढून आले, खूश होऊन गेले. तुझी काळजी मिटली असेल.

ताई, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग आणखी एकदा वाचलं. प्रत्येक ओळीत दादा आहे, अक्षदा आहे. वैष्णवीचं नाव मला कुठे सापडलं नाही.

दादाचे चार दिवस संपले आणि तो गेला. त्याला विचारता येतं, इकडे जाऊ का तिकडे जाऊ. मला कुणी विचारलं नव्हतं की तुझ्या पोरीच्या शाळेच्या वाटेवर काय सोडू. आणि मला सुट्टी नाही इथून.

मोत्या परवा गेला. ओटीवरून नेला. सासूबाई म्हणाल्या, असं कधी झालं नव्हतं, देवाच्या मानात काही चुकलं असेल, भगताला विचारू. सगळे तेच बोलतायत. देव आमच्या शिवेतल्या जनावराचं तोंड बांधतो, ताई. बाहेरून आणून घातलेल्याचं बांधतो की नाही हे भगतालाही माहीत नसणार, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मला एकटीला माहीत आहे.

कालपासून वैष्णवीला पोटात दुखतंय असं सांगून घरी ठेवलंय. तिच्या पोटात काही दुखत नाही, ती खिडकीत बसून शाळेत जाणाऱ्या पोरांना हाका मारते. शेजारच्या बुधूची रविना, तिचा लहान भाऊ, आणखी चार-पाच जणं. ती त्या माळावरून जातात आणि मी दारात उभी राहून बघते. संध्याकाळी परत येईपर्यंत मी मोजत असते. तोंड उघडलं तर गाव विचारील की राही, तुला कसं कळलं. मग काय सांगू? माझ्या भाऊजींनी आणून सोडलंय म्हणू? सासर आहे हे माझं. ह्यांनासुद्धा मी अजून सांगितलं नाही. आणि नाही बोलले आणि त्यातलं एखादं पोर परतलं नाही, तर मी बुधूच्या बायकोचा हात धरायला कशी जाऊ, तू जगनच्या बायकोकडे गेलीस तशी?

मला खूप भीती वाटते गं ताई. जनावराची वाटते आणि माझीही वाटते. आज मी पोरांना अडवलं नाही. उद्या अडवीन का ते मला सांगता येत नाही.

आता पत्र कसं संपवायचं ते सुचत नाही. उत्तर लवकर दे.

राही

पाटीलपाडा, तानसा
५ जानेवारी १९९७

चि. सौ. राहीस शकूताईचे आशीर्वाद.

कंडक्टरनं तुझं पत्र हातोहात आणून दिलं. तू लिहिलंस ते खरं आहे. माझ्या डोळ्यांपुढे अंगणातली ती भांडी होती आणि त्यात मला अक्षदाच दिसत होती, वैष्णवी दिसली नाही. तिला मी माझ्या हातानं पहिला घास भरवलाय. कसं झालं ते सांगून उपयोग नाही, झालं हे कबूल करते.

काल चंदरचंही पत्र आलं. तिघं सुखरूप पोचली. लिहितो, जंगल फार गोड आहे, पुढच्या वर्षी पुन्हा तिकडेच येऊ म्हणतोय. त्याला सगळं कळवीन, पण आधी तुझं.

मी ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. पूर्ण, काही न वगळता. शेठ आणखी ट्रिपा देणार नाही, टेम्पोला काम राहणार नाही, पोलीससुद्धा धरतील, हे सगळं आम्ही बोललो. मग मी म्हटलं, जगनच्या भिमीला कुणी आधी सांगितलं असतं तर ती घरात राहिली असती. ते उठले आणि टेम्पोची किल्ली आणून माझ्यासमोर ठेवली. उद्या सकाळी आम्ही दोघं निघतोय. गावाला माळावर बोलवा, दगडासमोर हे स्वतः सांगतील, कुठून आणलं आणि कुठे सोडलं. लोक मारतील तर मारू देत, मी शेजारी उभी राहीन. तिथून पुढं सरळ मुरबाडला जाऊन जंगलाच्या साहेबांसमोरही तेच सांगायचं, त्याशिवाय जनावराचा नीट बंदोबस्त व्हायचा नाही.

मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. हे लिहितानाही मी दोनदा कडी तपासली. पण इथे बसून भ्यायचं त्यापेक्षा तुझ्याजवळ येऊन भिईन.

कंडक्टर थांबलाय, हे पत्र आमच्या आधी पोचेल. पोचल्याबरोबर दारात नुसती उभी राहू नकोस, वाटेवर जा. बुधूच्या पोरांना अडव, सगळ्यांना अडव. का म्हणून विचारलं तर भिमाभाऊंचं, सासूबाईंचं कुणाचं तोंड बघू नकोस. माझं नाव सांग. म्हण, माझ्या बहिणीच्या घरातून आलंय.

तुझी,
शकूताई